खूण आधीपासूनच होती

सव्वीस वर्षे मी पाणीपुरवठा खात्याच्या नोंदणी विभागात लोकांचे पत्ते लिहितो आहे. घर नंबर, मजला, गल्ली, डावीकडचे दार की उजवीकडचे. या सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही पत्ता चुकलेला नाही. एकदा आमच्या साहेबांनी स्वतःच्याच घराचा नंबर चुकीचा सांगितला होता, तोसुद्धा मी दुरुस्त करून लिहिला. अशा माणसाला स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून, 'आपण नोंदणीकृत पत्त्यावरून आलेला नाहीत' असे लाल अक्षरांत वाचावे लागले. मागे वळून पाहिले. खिडकी तीच होती, कोपऱ्यातली मोडक्या दांडीची छत्री माझीच होती. म्हणजे मी घरीच होतो.

झाले होते ते एवढेच की मी त्या रविवारी एक चांगले काम केले होते.

माझी बायको घरबसल्या शिकायच्या एका विद्यापीठातून इतिहासात एम. ए. करते आहे. सहा वर्षे झाली. या विद्यापीठात सहा वर्षांत सगळे संपवावे लागते. राहिले तर नोंदणी रद्द, आणि आधी पास झालेले पेपरही केराच्या टोपलीत. तिची फक्त तोंडी परीक्षा राहिली होती. ती कॉम्प्युटरवरून होणार होती, पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, सकाळी अकराला. म्हणजे बरोबर अकरा दिवस होते. मला वाटले, आपण तिच्यासाठी काहीतरी करावे. अभ्यास मला करता येणार नव्हता, पण कॉम्प्युटर तरी ठणठणीत करून द्यावा. तो बिचारा सात महिने 'नवी आवृत्ती तयार आहे' म्हणून विनवण्या करत होता आणि मी दर वेळी 'नंतर' हे बटण दाबत होतो. रविवारी मी पहिल्यांदाच 'आत्ता' दाबले. माझ्या आयुष्यात 'आत्ता' म्हणण्याचे प्रसंग थोडे आहेत आणि ते सगळेच मला भोवले आहेत.

दोन तासांनी कॉम्प्युटर नवा कोरा होऊन उभा राहिला. संध्याकाळी बायकोने परीक्षेच्या संकेतस्थळावर सराव करून पाहायचे ठरवले. त्या विद्यापीठात मागे कोणीतरी आपल्या जागी आपल्या बहिणीला परीक्षेला बसवले होते, तेव्हापासून त्यांचा नियम आहे: ज्या पत्त्यावरून नोंदणी केली त्याच पत्त्यावरून परीक्षा द्यायची. पत्ता म्हणजे घराचा नव्हे, कॉम्प्युटरचा. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो, तो. आणि तिथे ती लाल अक्षरे आली.

बायको शांतपणे म्हणाली, "काल तर होत होतं." मी तिला म्हणालो, "तू अभ्यास कर. मी बघतो." हे वाक्य पुढच्या अकरा दिवसांत मी किती वेळा म्हणालो याची नोंद नाही, हेच माझे नशीब.

खालच्या मजल्यावर टेलिफोनकाका राहतात. चौतीस वर्षे टेलिफोन खात्यात काढल्यामुळे कुठेही तार दिसली की त्यांचा हात शिवशिवतो. ते बोलावण्याच्या आधीच आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाच-दहा ठिकाणी टिचक्या मारल्या आणि निदान केले की नव्या ऑपरेटिंग सिस्टिमने इंटरनेटची नवी पद्धत आपल्या आपण चालू केली आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते चार आकड्यांचे, आटोपशीर. पण जगात यंत्रे इतकी वाढली की ते पत्ते संपले. हे ऐकून मला पहिला मोठा धक्का बसला. आमच्या खात्यात शाई संपते, रजिस्टरे संपतात, माणसे निवृत्त होतात, पण पत्ते संपले असे कधी ऐकले नव्हते. मग म्हणे नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते काढले, आणि तसला एक आमच्या गळ्यात पडला होता.

"घरमालक झोपलेला असताना भिंत फोडून नवं दार बसवायचं," काका म्हणाले, "आणि वर जुन्या दाराने जायचंच नाही. मालकाला विचारायची काही पद्धत आहे की नाही?"

मला हे पटले. माझ्या मेहुण्याला फोन लावला. तो दुसऱ्या गावात असल्याच कामावर आहे. त्याने मात्र सिस्टिमचीच बाजू घेतली.

"दाजी, तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नको म्हणालो असतो."

"सगळे नकोच म्हणतात. म्हणून विचारत नाहीत. विचारत बसलं तर जग अजून शंभर वर्षं जुन्यावरच राहील."

काका माझ्या फोनला कान लावून ऐकत होते. त्यांनी फोन हिसकावून घेतला आणि त्या दोघांचे जे जुंपले ते अर्धा तास. नवे आपोआप चालू करावे की माणसाला विचारून, हा प्रश्न एवढा तात्त्विक असेल याची मला कल्पना नव्हती. फोन माझा होता, कॉम्प्युटर माझा होता, पण माझे मत कोणालाच नको होते. मी आतून तिघांसाठी चहा घेऊन आलो आणि मग लक्षात आले की तिसरा फोनवर आहे.

शेवटी काकांनी नव्या पद्धतीपुढची बरोबरची खूण काढून टाकली. नवे बंद, जुने चालू. आता तरी सगळे सुरळीत व्हायला हवे होते. पण सराव करायला गेलो तर लाल अक्षरे म्हणाली, 'या पत्त्यावर सध्या एकशे बेचाळीस जण आहेत.' मी दोन खोल्यांच्या घराकडे पाहिले. इंटरनेट कंपनीला फोन केला, तेव्हा तिथल्या बाईंनी सांगितले की तुम्ही नव्या पद्धतीवर गेल्याबरोबर तुमचा जुना स्वतंत्र पत्ता परत घेतला. जुन्यांचा तुटवडा आहे. आता जुन्यावर यायचे तर साऱ्या वस्तीला मिळून एकच पत्ता आहे, त्यात दाटीवाटीने बसा. एका दिवसात आम्ही स्वतंत्र घरातून धर्मशाळेत आलो होतो. मी काकांकडे पाहिले. काकांना एकाएकी खाली गॅसवर दूध ठेवल्याचे आठवले.

मी ती खूण पुन्हा केली, म्हणजे नवी पद्धत परत चालू. आता उपाय एकच होता, नव्या पत्त्याची परीक्षा विभागात नोंद करायची. आणि हे तर माझे हातखंडा काम. बायको म्हणाली, "मी जाऊन येऊ का? माझीच परीक्षा आहे." मी हसलो. म्हणालो, खिडकीवर कसे बोलावे लागते हे तुला नाही कळायचे, त्याला खिडकीमागे बसलेला माणूस लागतो. ती पुन्हा वहीकडे वळली.

बुधवारी अर्धी रजा टाकून मी परीक्षा विभागात गेलो. तो नवा पत्ता बत्तीस अक्षरांचा होता, आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांची खिचडी, मधून मधून दोन-दोन टिंबे. माझ्या वळणदार अक्षरात मी तो तीन प्रतींत लिहून नेला होता, दोनदा ताडून. खिडकीमागे चष्म्याला साखळी लावलेल्या बाई होत्या. त्यांनी पत्ता बदलाचा फॉर्म दिला. त्यात पत्त्यासाठी पंधरा चौकटी. मी नम्रपणे सांगितले की माझा पत्ता बत्तिसांचा आहे.

"चौकटीबाहेर लिहायचं नाही," बाई म्हणाल्या.

मी म्हणालो की मग उरलेली सतरा अक्षरे कुठे ठेवू. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या की पुरवणी जोडा, पण पुरवणीला साहेबांची मंजुरी लागेल, आणि साहेब जेवायला गेले आहेत. शिवाय या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा हवा. मी म्हणालो, बाई, या पत्त्यावर कोणी राहत नाही, हा यंत्राचा आहे. त्या म्हणाल्या, मग यंत्र तिथे असल्याचा पुरावा हवा. मी चिडणार होतो, पण तेवढ्यात मला भयंकर गोष्ट आठवली: 'पुरावा आणा', 'साहेब जेवायला गेलेत', 'उद्या या', ही सगळी माझीच वाक्ये होती. सव्वीस वर्षे मी ती खिडकीच्या आतल्या बाजूने बोलत आलो. बाहेरून ती कशी ऐकू येतात हे मला ठाऊकच नव्हते. मी निमूटपणे बाकावर जाऊन बसलो.

साहेब आले, पुरवणी मंजूर झाली, शिक्का बसला, आणि शुक्रवारी दुपारी नोंद झाल्याची पोच मिळाली. मी ती घरात येताना हातात उंच धरून आलो. बायको काहीतरी लिहीत होती, तिने मान वर करून पाहिले आणि खरोखर हसली. सहा वर्षांत ती अशी थोड्याच वेळा हसली असेल. मी ऐटीत सराव सुरू केला.

'आपण नोंदणीकृत पत्त्यावरून आलेला नाहीत.'

पोच काढली, पडद्यावरच्या पत्त्याशी ताडली. पहिली सोळा अक्षरे जशीच्या तशी. पुढची सोळा भलतीच. मला राग आला, कारण चूक कोणाची हे उघड होते. शनिवारी मी खिडकीवर जाऊन सात-आठ माणसांसमोर त्या बाईंना म्हणालो की पत्ता लिहिणे हे येरागबाळ्याचे काम नाही. बाईंनी शांतपणे माझा अर्ज काढला, चष्मा लावला, आणि माझ्या वळणदार अक्षरातला पत्ता अक्षर-अक्षर मोठ्याने वाचला. मग कॉम्प्युटरातली नोंद वाचली. बत्तीसच्या बत्तीस जुळली. रांगेतला एक माणूस म्हणाला, "काका, घरी नीट बघून या." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून पत्ता चुकला होता, आणि तोही माझ्याच घराचा.

घरी येऊन मी नवा पत्ता भिंगाने पाहून लिहिला. दुसरा अर्ज, दुसरी पुरवणी. सोमवारी सकाळी दिला, मंगळवारी संध्याकाळी नोंद झाली. तोंडी परीक्षा गुरुवारी. बायकोने आता विचारणे सोडले होते. ती ओट्याशी उभी राहून पुटपुटत उत्तरे पाठ करायची आणि मी खोलीत आलो की थांबायची.

बुधवारी सकाळी अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत मी सराव उघडला. लाल अक्षरे. मागची सोळा अक्षरे पुन्हा वेगळी. मी तसाच मेहुण्याला फोन लावला आणि सांगितले की आमच्या घराला भुताने झपाटले आहे.

त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "दाजी, तुम्ही तो आख्खा पत्ता हाताने लिहून दिलात? अर्जावर? शिक्का मारून?"

"दोनदा."

"अहो, त्याचा मागचा अर्धा भाग रोज बदलतो."

"कोण बदलतं?"

"कॉम्प्युटर. आपोआप. कोणी तुमच्यावर पाळत ठेवू नये म्हणून. नव्या पद्धतीत तेही आधीपासूनच चालू असतं."

साबण गालावर वाळून कडक झाला तरी मी फोन धरून उभा होतो. रोज बदलणारा पत्ता. मग रजिस्टर कशाला? नोंदणी विभाग कशाला? मी कशाला? मेहुणा पुढे सांगत होता की पहिला अर्धा भाग घराचा असतो, तो सहसा बदलत नाही, विद्यापीठाने तेवढाच नोंदवायला हवा होता, आणि बहुतेक ठिकाणी तशी सोयही असते. मला त्यातले निम्मेच ऐकू येत होते. बायको दारात उभी होती आणि तिने उरलेले निम्मे ऐकले होते.

"उद्या आहे परीक्षा," ती म्हणाली.

मी म्हणालो, मी बघतो. तिने पर्स उचलली.

"नाही. मी बघते. तुम्ही तोंड धुवा आणि यायचं तर या."

ती सहा वर्षांत माझ्याशी या आवाजात बोलली नव्हती. त्याआधीही नव्हती.

खिडकीवर ती पुढे उभी राहिली आणि मी मागे. तिने आपला परीक्षा क्रमांक सांगितला. साखळीवाल्या बाई माझ्याकडे न पाहता तिला म्हणाल्या, "आलात का शेवटी. बसा ना." गेल्या आठ दिवसांत मला कोणी बसा म्हणाले नव्हते.

बाईंनी सांगितले की नव्या पद्धतीच्या पत्त्यांची अडचण विभागाला माहीत होती. म्हणून चार महिन्यांपूर्वी सगळ्या उमेदवारांना निरोप पाठवला होता: एका चौकटीत खूण करा, म्हणजे पत्त्याचा फक्त पहिला अर्धा भाग तपासला जाईल. ती मुदत संपली. पण ज्यांचे राहून गेले त्यांनी इथे येऊन, विभागाच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर परीक्षा द्यावी. तीन कॉम्प्युटर आहेत. इतके जुने की त्यांच्यावर अजून काहीच नवे चालू झालेले नाही.

माझ्या तोंडून निघून गेले, "मग हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"उमेदवाराव्यतिरिक्त कोणाला परीक्षेची माहिती देता येत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही पत्ता बदलायला आलात, मी पत्ता बदलून दिला. यांना घेऊन आला असतात तर दोन मिनिटांचं काम होतं."

नियम बिनतोड होता. मी असतो तर मीही तेच केले असते.

बायको मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. ती म्हणाली, "निरोप मला नाही आला."

बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. तिच्या नावाखाली लिहिले होते, 'संपर्क: पती'. शेजारी माझा ईमेल. आणि पुढे बरोबरची खूण.

मला आता सगळे आठवत होते. विद्यापीठाचे मेल माझ्याकडे येत. ते तिचे आहेत, आपले नाहीत, हे पाहून मी ते नीट वेगळ्या कप्प्यात ठेवत असे. कप्प्याचे नाव मीच दिले होते, 'हिचे, नंतर'. कागद फाईलला लागला की काम झाले, असे आमच्या खात्यात समजतात. वेळापत्रके वगैरे ती एका मैत्रिणीला फोन करून विचारायची. मला वाटायचे, तिला गप्पा मारायला निमित्त हवे असते.

बाकावर बसून तिने माझा फोन मागितला. मी दिला. कप्प्यात सदतीस मेल होते. चार महिन्यांपूर्वीचा तो निरोप होताच. ती तिथे थांबली नाही, मागे मागे जात राहिली. दोन वर्षांपूर्वीच्या एका मेलवर तिचे बोट थांबले. तिच्या प्राध्यापिकेचा होता. 'सार्वजनिक नळांवरच्या बायका' हा तुमचा निबंध विभागाच्या वार्षिक अंकात छापावा असे आम्हा सर्वांना वाटते, पंधरा दिवसांत होकार कळवावा. त्याखाली आठ दिवसांनी आलेला दुसरा मेल, आठवण म्हणून. त्याखाली तिसरा: आपला होकार नसल्याने जागा दुसऱ्या निबंधाला दिली आहे.

पाणीपुरवठा खात्यात मी सव्वीस वर्षे आहे आणि माझ्या बायकोने नळांवर निबंध लिहिला होता हे मला त्या बाकावर कळले. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला फार बरे वाटले असते. तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, त्यांना आवडला नाही." मला माझी इतकी लाज वाटली की 'माफ कर' हे दोन शब्दसुद्धा धड जमले नाहीत. ते मी जिना उतरताना तिच्या पाठीला म्हणालो.

गुरुवारी अकरा वाजता ती त्या खोलीत गेली. मी बाहेर बाकावर बसलो. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाज मोठा होता, आणि मधूनच हसण्याचाही आला. चाळीस मिनिटे. खिडकीवर एक गृहस्थ आपल्या बायकोचा फॉर्म घेऊन आले होते आणि चौकटी कमी पडतात म्हणून हुज्जत घालत होते. मी उठून त्यांना बाजूला घेतले आणि म्हणालो, घरी जा आणि त्यांना घेऊन या. ते माझ्याकडे वेड्याकडे पाहावे तसे पाहत राहिले.

ती पास झाली. संध्याकाळी टेलिफोनकाका अभिनंदनाला आले आणि आल्या आल्या म्हणाले, आता ती नवी पद्धत कायमची बंद करून टाकू, पुन्हा कटकट नको. त्यांचा हात कीबोर्डकडे गेलाही होता. पण खुर्चीत बायको बसली होती. माझ्या खुर्चीत.

"राहू द्या काका," ती म्हणाली. "चांगलीच आहे ती. यांना विचारून चालू करायची म्हटली असती तर कधीच झाली नसती."

मग तिने विद्यापीठाचे पान उघडले. स्वतःची माहिती उघडली. 'संपर्क: पती'. तिने त्या खुणेवर बोट ठेवले.

"ही कोणी केली होती?"

"मी नाही," मी घाईघाईने म्हणालो. "ती आधीपासूनच होती. फॉर्मवरच येते तशी."

"आणि तुम्ही राहू दिलीत."

मी म्हणालो, हो. काका खाली बघत होते. तिने खूण काढली, स्वतःचा ईमेल लिहिला. कॉम्प्युटरने विचारले, 'तुमची खात्री आहे का?' तो हे विचारू शकतो, हेही मला त्याच दिवशी कळले. तिने 'हो' दाबले.

त्याच क्षणी माझ्या खिशात फोन वाजला. 'उमेदवाराने संपर्क बदलला आहे. यापुढे आपल्याला निरोप येणार नाहीत.' विद्यापीठाचा हा अडतिसावा मेल. हा मी लगेच वाचला, आणि तिला मोठ्याने वाचून दाखवला.